ताठ मानेचा आवाज

गाणे ऐकणाऱ्या माणसांच्या दोन तऱ्हा असतात. पहिल्या तऱ्हेचा माणूस गाणे सुरू झाले की डोळे मिटतो, लोडाला टेकतो आणि मान हळूहळू डोलवू लागतो. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस आडवा पडलेला असला तरी उठून ताठ बसतो. आमच्या घरात या दोन्ही तऱ्हा एकाच छपराखाली नांदतात. आमची सौ. बालगंधर्वांची भक्त, आणि मी मास्टर दीनानाथांचा. लग्नाला वीस वर्षे झाली, पण या बाबतीत दोघांपैकी एकानेही माघार घेतलेली नाही.

"अहो, ते गातात की कुणाशी भांडतात?" हा सौ.चा ठरलेला प्रश्न.

"भांडत नाहीत, बजावतात," हे माझे ठरलेले उत्तर.

वाचकहो, या घरगुती भांडणात तुम्हाला पंच नेमण्याचा माझा विचार नाही. पण ज्या माणसाला मी डोळ्यांनी कधी पाहिले नाही, जो माझ्या जन्माच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी हे जग सोडून गेला, त्याच्या आवाजाने मी आजही उठून का बसतो, याचा शोध मी पुष्कळ दिवस घेत आहे. तो जितका लागला तितका तुमच्यापुढे ठेवतो.

प्रथम थोडे दूरचे बोलू. इटलीत टिटा रुफो नावाचा एक गायक होऊन गेला (1877 ते 1953). तिकडच्या संगीत नाटकात, म्हणजे ऑपेरात, गळ्याच्या जातीवरून भूमिका ठरतात. पुरुषाचा उंच आवाज, ज्याला ते टेनर म्हणतात, तो बहुधा प्रियकराच्या वाट्याला येतो. त्याच्या खालचा, भरदार आवाज म्हणजे बॅरिटोन. तो बापाचा, राजाचा, वैऱ्याचा, नाहीतर मनातून जळणाऱ्या विदूषकाचा. रुफो हा बॅरिटोन. शंभर वर्षांपूर्वीच्या त्याच्या तबकड्या आज मोबाइलवरसुद्धा ऐकायला मिळतात. इटालियनचे एक अक्षर मला कळत नाही; पण रिगोलेतो या विदूषकाच्या भूमिकेतला त्याचा आवाज ऐकताना बापाचे काळीज फाटते आहे एवढे कळायला भाषेची गरज पडत नाही.

आमच्या रंगभूमीने गळ्यांची अशी वाटणी केली नाही. ध्वनिक्षेपक नव्हता. रात्र रात्र नाटक चालायचे आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला पद ऐकू गेलेच पाहिजे. म्हणून नायक काय आणि नायिका काय, दोघेही उंच पट्टीत गात. त्यातून स्त्रीभूमिका करणारेही बहुधा पुरुषच. तेव्हा बॅरिटोन असा शब्द आपल्याकडे शोधू नये. शोधायचे ते आवाजातले तेज. ते पट्टीवर अवलंबून नसते.

'मानापमान'चेच उदाहरण घ्या. खाडिलकरांचे हे नाटक किर्लोस्कर मंडळीने 12 मार्च 1911 रोजी रंगभूमीवर आणले. धैर्यधर हा पराक्रमी पण निर्धन सेनापती. श्रीमंताची लेक भामिनी त्याला केवळ गरीब म्हणून झिडकारते. पुढे वनमाला होऊन त्याची पारख करते आणि त्याच्यावर जीव जडवून बसते. कथा एवढीच. पहिले धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, भामिनी बालगंधर्व. दहा वर्षांनी, 8 जुलै 1921 रोजी, मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाला. भामिनी तीच, पण समोर धैर्यधर 'ललितकलादर्श'चे केशवराव भोसले. प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे दोन मालक एका रंगमंचावर! त्या रात्रीच्या आठवणी सांगत म्हातारी माणसे पुढे कितीतरी वर्षे जगली. केशवराव मात्र तीन महिनेही जगले नाहीत. 4 ऑक्टोबर 1921 रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते गेले. कोल्हापूरच्या ज्या नाट्यगृहाला त्यांचे नाव दिले, ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले. तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना घरचेच कुणी गेल्यासारखे वाटले.

हाच धैर्यधर दीनानाथांनीही केला. पण त्यांनी केलेले धाडस पाहा. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्या लोकांच्या तोंडी बसलेल्या. दीनानाथांनी धैर्यधराच्या काही पदांच्या त्या चाली बाजूला ठेवल्या आणि स्वतःच्या बांधल्या. घरोघर पाठ असलेल्या पदाची चाल बदलणे म्हणजे सासरी आल्या आल्या स्वयंपाकघराची मांडणी बदलण्यासारखे आहे. बोलणी खावी लागतात. पण आज धैर्यधराची पदे म्हटली की पुष्कळांच्या कानात वाजतात त्या दीनानाथांच्याच चाली.

दीनानाथांचा जन्म 29 डिसेंबर 1900 चा, गोव्यातल्या मंगेशीचा. पोरवयात ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि 1918 साली चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी 'बलवंत संगीत मंडळी' उभी केली. वय सतरा! आमच्या महाविद्यालयात या वयाची मुले बारावीच्या वर्गात बसतात. गडकऱ्यांच्या 'भावबंधना'त ते लतिका झाले, वीर वामनराव जोशांच्या 'रणदुंदुभी'त (1927) तेजस्विनी झाले. 1931 साली त्यांच्या मंडळीने सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' केले. या शेवटच्या दोन्ही नाटकांना चाली वझेबुवांच्या. परक्याचे राज्य असताना ही असली नाटके करायला गळा पुरत नाही, छातीही लागते.

आणि तो गळा? एका तबकडीची एक बाजू म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. तेवढ्यात दीनानाथ काय काय करतात! सुरुवातच अशी की दारावर टकटक न करता माणूस थेट माजघरात येऊन उभा राहावा. मग तान निघते ती पायऱ्या उतरत नाही, कड्यावरून उडी घेते; आणि आता हा कोसळणार म्हणून आपण श्वास रोखावा, तोच समेवर पाय रोवून उभी असते. त्यात पंजाबी वळणाच्या हरकती आहेत, टप्प्याची लचक आहे, आणि जन्मभूमी गोव्याचा गोडवाही आहे. पण तो गोडवा कैरीसारखा, दात आंबवून मग जिभेवर उतरणारा.

आता माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा. तेव्हा एक आक्षेप मीच मांडायला हवा, नाहीतर सौ. मांडीलच. दीनानाथांच्या तानेत शब्द कधीकधी भरडून निघतो. बालगंधर्वांच्या तोंडचा शब्द म्हणजे देवापुढे ठेवलेले फूल, एक पाकळी चुरगळायची नाही. मग भाषेच्या मास्तराने कुणाच्या बाजूला उभे राहावे? न्यायाने बालगंधर्वांच्या. पण शब्दाला अर्थाबरोबर एक पवित्राही असतो. 'मी गरीब आहे' हेच तीन शब्द हात जोडून म्हणता येतात आणि छाती पुढे काढूनही म्हणता येतात. कोशात अर्थ सापडतो, पवित्रा सापडत नाही. दीनानाथ पवित्रा गातात. धैर्यधराचे पद त्यांच्या तोंडून ऐकताना भामिनीने या माणसाला नाकारून आपलेच नुकसान करून घेतले, हे पहिल्या ओळीलाच पटते.

दैवाची गंमत अशी की निर्धन सेनापतीची ही भूमिका दीनानाथांना पुढे आयुष्यातही करावी लागली. 1932 मध्ये मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचे दिवस फिरले. 'बलवंत'ही त्या वाटेला गेली. 1934 चा 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट मंडळींना तारू शकला नाही. वैभव ओसरले, प्रकृती ढासळली, आणि 24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात, बेचाळिसावे वर्षही पुरे न करता, दीनानाथ गेले. मागे पत्नी आणि पाच मुले. थोरली लता बारा वर्षांची. 'भावबंधना'तल्या लतिकेवरून तिचे नाव पडलेले. तिने त्याच वर्षी कामाला सुरुवात केली. पुढचे सारे तुम्हाला ठाऊक आहे.

हे सगळे मी हिंगोलीत बसून का लिहितो आहे, असे तुम्ही विचाराल. आमचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. माझ्या आजोबांचे शिक्षण उर्दूतून झाले. हिशेब उर्दूत, पत्रे उर्दूत, आणि मराठी फक्त घरात, कीर्तनात आणि त्यांच्याकडच्या चावीच्या ग्रामोफोनवर. दीनानाथांची एक तबकडी त्यांच्याकडे होती, कडेला टवका उडालेली. ती लावली की आजोबा पगडी सारखी करीत. ऐकायला बसताना पगडी कशाला सारखी करायची, हे मला तेव्हा कळत नसे.

आवाजाची महती तशी आमच्या मातीला नवी नाही. नामदेवांचे नरसी हे गाव आमच्याच जिल्ह्यातले. औंढा नागनाथाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. देवळासमोर कीर्तन करू नकोस म्हणून नामदेवांना हटकले. ते मुकाट्याने मागल्या बाजूला गेले, तिथे गायला उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले असे सांगतात. कथा खरी की नाही, हा वाद इथे नको. एका शिंप्याला मागे ढकलले आणि त्याने आपला आवाज खाली आणला नाही, एवढे मला पुरते.

परवा वर्गात 'मानापमान'मधला धैर्यधराचा एक उतारा वाचायला मी एका मुलाला उभे केले. सेनगावकडच्या खेड्यातून एसटीने येणारा. बाप दुसऱ्याच्या शेतात हळद काढायला जातो. मुलगा हुशार, निबंध उत्तम लिहितो, पण बोलायला उभा राहिला की त्याचा आवाज खिशात शिरतो. सेनापतीचे भाषण त्याने असे वाचले की जणू फीमाफीचा अर्ज वाचतो आहे. वर्ग हसला. मी काही बोललो नाही. मोबाइलवर दीनानाथ लावले आणि तो टेबलावर ठेवला. खरखर सुरू झाली, मग तो आवाज आला. वर्ग गप्प झाला.

पद संपल्यावर त्या मुलानेच विचारले, "सर, हे चिडले आहेत का?"

"नाही रे," मी म्हणालो. "चिडलेला माणूस ओरडतो. हे ओरडत नाहीत. आपल्याजवळ काय आहे, ते यांना पक्के ठाऊक आहे."

काही चमत्कार घडला असे समजू नका. तो मुलगा अजूनही हळूच बोलतो. पण पुढच्या तासाला त्याने तोच उतारा मागच्या बाकावरून वाचला, आणि तो ऐकण्यासाठी मला जागेवरून उठून जवळ जावे लागले नाही. घरी येऊन मी हे सौ.ला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बालगंधर्व ते बालगंधर्वच. पण त्या मुलाला तुमचे मास्तर आणखी ऐकवा."

दिवाळीत फराळाबरोबर संगीत हवेच. या वर्षी अभ्यंगस्नानानंतर एखादे पद दीनानाथांचेही लावा. आवाज मोठा ठेवा. शेजाऱ्यांचे फटाके चालूच असतात, ते काही म्हणणार नाहीत. आणि घरातले एखादे अबोल पोर ऐकता ऐकता सरळ होऊन बसले, तर त्याला हटकू नका.