दोन बँडचा वॉकीटॉकी आणि सरळमार्गी माणूस

आपल्या देशात धंद्यासाठी दोन बँडचा वॉकीटॉकी हवा असेल तर व्यवहारात एकच पात्रता लागते: कायदा मोडायची तयारी. ती असली की इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत दोन-तीन हजारांत चिनी संच मिळतो, पॅक फोडायचा आणि बोलायला लागायचं. ती नसली, म्हणजे तुम्ही जीएसटी वेळेवर भरणाऱ्या जमातीतले असलात, की मग अर्ज भरत बसा.

ज्यांचा रेडिओशी संबंध एफएमवरच संपतो त्यांच्यासाठी थोडक्यात. हातातल्या वॉकीटॉकीचे मुख्य बँड दोन. व्हीएचएफ म्हणजे साधारण १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ आणि यूएचएफ म्हणजे ४०० ते ४७० च्या आसपास. पहिल्याची लहर सुमारे दोन मीटर लांब, ती झाडी आणि डोंगराच्या धारा बऱ्यापैकी सोसते. दुसऱ्याची सत्तर सेंटिमीटर, ती खिडक्या, जिने, बोळ यांतून इमारतीच्या आत घुसते. म्हणजे रानात एक, बिल्डिंगमध्ये दुसरा. ज्याचं काम दोन्हीकडे आहे त्यानं काय करायचं?

माझा एक मित्र ट्रेक आणि कॅम्पचा धंदा करतो. शनिवार-रविवार सह्याद्री, मधल्या वारी आपल्यासारख्या कंपन्यांचे हॉटेलांतले कार्यक्रम (होय, तेच टीम बिल्डिंग, ज्यात मॅनेजरला दोरीवर लटकलेलं बघायची सोय असते). चाळीस माणसं घेऊन हरिश्चंद्रगडाच्या नळीत उतरलं की पुढच्या लीडरचा आणि शेवटच्या माणसाचा संपर्क मोबाईलवर राहत नाही, हे तिथं गेलेल्या कुणालाही सांगायला नको. या गृहस्थानं सगळं कायदेशीर करायचं ठरवलं. पहिला पर्याय बिनपरवान्याचा. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ही पट्टी मोकळी केली आहे. पण शक्ती अर्धा वॅट. मॉलमध्ये उत्तम, डोंगराची एक सोंड आड आली की खलास. दुसरा पर्याय दूरसंचार खात्याचा परवाना. त्यात अंतर किती, चॅनेल किती, बँडविड्थ किती यांचा गुणाकार करून रॉयल्टी. दोन्ही बँड हवेत तर दोन्हीकडच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या मागायच्या. आणि हे सगळं करून तो डीलरकडे गेला तर तिथं दोन वेगळी मॉडेलं टेबलावर आली, एक व्हीएचएफ, एक यूएचएफ. तीन डीलर झाले, तिघांचं उत्तर तेच. "साहेब, कमर्शियलमध्ये दोन बँड कोण मागतं?"

हा प्रश्नच मला मुळात बोगस वाटतो. कोणी मागत नाही कारण परवाना एका बँडचा गृहीत धरून दिला जातो. परवाना तसा दिला जातो कारण संच तसे मिळतात. आणि संच तसे मिळतात कारण कोणी मागत नाही! आपल्याकडे असल्या कोडला सर्क्युलर डिपेन्डन्सी म्हणतात आणि तो बिल्डच होत नाही. खात्यात तो वर्षानुवर्षं प्रॉडक्शनला चालतो.

तंत्राची अडचण नाहीच का? आहे, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्वस्त चिनी संचात जी रेडिओ चिप असते ती एकटीच दोन्ही बँड हाताळते, त्यामुळे दुसरा बँड चिपच्या पातळीवर जवळपास फुकट आहे. अँटेनाचंही जमतं. दीडशे मेगाहर्ट्झला पाव लहरीची अँटेना साडेचारशेला पाऊण लहरीची होते आणि तिथंही बऱ्यापैकी चालते. गोम आहे ती याच तिपटीत. कुठल्याही ट्रान्समीटरमधून मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतला कचरा बाहेर पडतो, आणि दीडशेची तिप्पट म्हणजे साडेचारशे, बरोबर दुसऱ्या बँडच्या मधोमध. एका बँडचा संच तो कचरा फिल्टर लावून मारून टाकतो. दोन बँडच्या संचाला मात्र व्हीएचएफवर बोलताना ४५० अडवायचे आणि यूएचएफवर बोलताना तेच सोडायचे, म्हणजे वेगळे फिल्टर आणि बँडनुसार त्यांची अदलाबदल. इथंच स्वस्त संच काटकसर करतात आणि शेजारच्याच्या चॅनेलवर घाण करतात. पण हा प्रश्न पैशांनी सुटणारा आहे. हॅम मंडळींसाठी नामांकित जपानी कंपन्या कित्येक वर्षं दोन बँडचे स्वच्छ संच बनवताहेत. (हॅमचा परवाना काढून धंदा करता येतो का, असं विचारू नका. येत नाही.)

नुसता पैशांचा आणि सोयीचा मुद्दा असता तर मी यावर शनिवार घालवला नसता. डोंगरात अपघात झाला की पोलीस, अग्निशमन दल, गावकरी, बचावपथकं असे सगळे गोळा होतात, आणि ज्याच्या हातात जो संच तो त्याच्याच लोकांशी बोलतो. दोन यंत्रणांना एकमेकांचं ऐकू येत नसेल तर काय होतं त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण न्यूयॉर्कचं. ११ सप्टेंबर २००१ ला पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उत्तरेकडच्या टॉवरची अवस्था दिसत होती आणि तो टिकणार नाही हा इशारा पोलिसांच्या रेडिओवर गेलाही. आत जिने चढणाऱ्या अग्निशमन दलाचे संच वेगळे होते, चॅनेल वेगळे होते, त्यांना तो थेट ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी त्या दलाची ३४३ माणसं गेली. सगळा दोष रेडिओच्या माथी मारणं चूक आहे, दोन्ही दलांच्या कारभारातच समन्वय नव्हता. पण त्यानंतर अमेरिकेत एका संचात एकाहून जास्त बँड ही गरज मान्य झाली आणि मोटोरोलाच्या एपीएक्स ७००० सारखे संच पोलीस-अग्निशमनवाल्यांच्या हातात आले. किंमत काही हजार डॉलर. म्हणजे वस्तू बनवता येते, फक्त आमच्या ट्रेकवाल्यानं ती घ्यावी अशी कुणाची कल्पना नाही.

आता मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ई-कॉमर्सवाल्यांना १३ नोटिसा काढल्या. विनापरवाना वॉकीटॉकीच्या जवळपास १७ हजार लिस्टिंग सापडल्या होत्या. नंतर विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वंही आली. कारवाई योग्यच होती, यात वाद नाही. कीपॅडवरून हवी ती फ्रिक्वेन्सी टाकता येणारा संच खेळण्यासारखा विकला जात असेल तर उद्या कोणीतरी पोरगं पोलिसांच्या चॅनेलवर गाणी म्हणेल. अमेरिकेच्या एफसीसीनंही २०१८ मध्ये असल्याच संचांबद्दल ताकीद दिली होती. माझी तक्रार पुढची आहे. सतरा हजार लिस्टिंग म्हणजे मागणी आहे हे सरकारलाच दिसलं. दुकान बंद केलंत, मग कायदेशीर दुकान कुठे आहे?

ब्रिटनमध्ये ऑफकॉमचा बिझनेस रेडिओचा एक 'लाइट' परवाना आहे. वर्षानुवर्षं त्याची फी पाच वर्षांना ७५ पौंड राहिली आहे. त्यात व्हीएचएफच्या काही आणि यूएचएफच्या काही फ्रिक्वेन्सी एकत्र मिळतात, देशभर, इतरांबरोबर वाटून घ्यायच्या. गर्दी झाली तर तुमचं नशीब, पण अर्ज साधा आणि बँडची सक्ती नाही. हे आपल्याकडे का होऊ नये? दोन्ही बँडमधल्या मोजक्या फ्रिक्वेन्सी बाजूला काढा, कितीही कंपन्यांना वाटून वापरू द्या, आणि दोन बँडच्या संचाला मान्यता देताना दोन अटी घाला. कीपॅडवरून फ्रिक्वेन्सी बदलता येणार नाही, डीलरच केबल लावून परवान्यातले चॅनेल भरेल. आणि साडेचारशेवरचा कचरा मोजून दाखवल्याशिवाय प्रमाणपत्र नाही.

"पण सुरक्षेचं काय?" हा प्रश्न लगेच येतो. १९३३ च्या वायरलेस कायद्यात बिनपरवाना संच नुसता जवळ बाळगणं हाच गुन्हा होता, त्या मनोवृत्तीतून आपण अजून पुरते बाहेर आलेलो नाही. ज्याच्या मनात पाप आहे त्याच्याकडे चिनी संच आधीच आहे आणि त्यानं तो घेताना कुठलाही अर्ज भरलेला नाही. अडलाय तो नाव, पत्ता, पॅन नंबर लिहून द्यायला तयार असलेला माणूस. त्याला संच द्या आणि बिलावर परवान्याचा क्रमांक छापा, सिमकार्ड घेताना आपण ओळखपत्र देतोच की.

तोवर आमचा मित्र नळीत उतरताना व्हीएचएफ घेतो, हॉटेलात यूएचएफ, आणि जिथं डोंगरही आहे आणि रिसॉर्टही, तिथं कमरेला दोन्ही. चार्जर दोन, बॅटऱ्या दोन प्रकारच्या, आणि एकमेकांत बसत नाहीत.