वाडीचे मोजमाप कोणत्या पट्टीने?

घरोघर फिरून पाहणी करणारी माणसे आता कोकणातल्या वाड्यांनाही नवी राहिलेली नाहीत. पूर्वी ती जमीन किती, विहीर कुठे, संडास आहे का एवढेच विचारीत. अलीकडे मनाचे आणि शेजाराचेही प्रश्न येतात. गेल्या आठवड्यात उदास वाटले का? शेजाऱ्यांवर विश्वास टाकता येतो का? प्रत्येक उत्तराला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि त्यावरून माणूस किती खचला, वस्ती किती एकजुटीची हे ठरवायचे. अभ्यासक अशा प्रश्नसंचाला मापनश्रेणी म्हणतात. पारखलेली, जगभर वापरलेली श्रेणी घेतली की इथली आकडेवारी तिथल्याशी ताडून पाहता येते, असे ते सांगतात. म्हणणे खोटे नाही. पण ही पट्टी कुणाच्या अंगणात तयार झाली, हे विचारण्याचा हक्क आम्हाला आहे.

शेजार मोजणारी सर्वात नावाजलेली श्रेणी अमेरिकेतल्या शिकागोची. तिथल्या ३४३ वस्त्यांतील ८,७८२ रहिवाशांना १९९५ साली प्रश्न विचारले गेले आणि रॉबर्ट सॅम्पसन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष मांडला : जिथे शेजारी एकमेकांवर विश्वास ठेवतात आणि वेळेला मध्ये पडतात, तिथे गरिबी जमेस धरूनही हिंसाचार कमी असतो. मोलाचे काम आहे. त्यातले प्रश्न असे : इथली माणसे शेजाऱ्याला मदत करतात का? इथल्या लोकांची मूल्ये सारखी आहेत का? जवळचे अग्निशमन केंद्र बंद होऊ लागले तर लोक पुढे येतील का?

आता हीच प्रश्नावली घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जा. अग्निशमन केंद्र सोडून द्या, ते गावात नसतेच. पण 'इथली माणसे' म्हणजे कोण? इथे गाव म्हणजे वाड्या. कुणबीवाडी, भंडारवाडी आणि गावाच्या कडेला, बहुधा पऱ्यापलीकडे, बौद्धवाडी. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ता पुरुष मुंबईला, म्हणजे उत्तर देणार घरातली बाई. तिने 'इथले' म्हणजे आपली वाडी धरली तर उत्तर 'होय', अख्खे गाव धरले तर कदाचित 'नाही'. दोघींनी दोन अर्थ धरले आणि संगणकाने सरासरी काढली, तर तो आकडा कुठल्या गावाचा?

मूल्यांच्या प्रश्नाचे तर विचारूच नका. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या माणसांनी गावकीची हलकी कामे टाकली, शिमग्यातले ठरवून दिलेले खालचे स्थान नाकारले. 'गावातल्या सर्वांची मूल्ये सारखी आहेत का', या प्रश्नाला आमची आई प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल आणि श्रेणी गावाच्या एकजुटीचा एक गुण कापेल. आमचे आजोबा मान खाली घालून राबत होते, तेव्हा हेच गाव पैकीच्या पैकी गुण घेऊन गेले असते! गावगाड्याच्या गोडव्यांना ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ज्यांनी सुरुंग लावला, त्या बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे.

मनाच्या श्रेणीतही हाच घोळ. नैराश्य मोजणारी, १९७७ पासून वापरात असलेली एक वीस प्रश्नांची श्रेणी आहे. लोक माझ्याशी तुटकपणे वागले, लोकांना मी नकोशी आहे असे वाटले, ही त्यातली दोन विधाने. पाणवठ्यावर जिला रोज तुटक वागणूक मिळते, तिने खरे सांगितले की तिच्या खात्यावर आजाराचे गुण चढतात. वागणाऱ्याच्या खात्यावर काहीच नाही.

म्हणून श्रेण्या फेकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतल्या काळ्या समाजाच्या रोजच्या अपमानाचा हिशेब ठेवण्यासाठी डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये श्रेणीच रचली. आपल्याकडे मानव विकास सर्वेक्षणाने २०११-१२ मध्ये देशातल्या ४२ हजारांहून अधिक कुटुंबांत अस्पृश्यता पाळता का, असे सरळ विचारले. 'नाही' म्हणणाऱ्यांना पुढे विचारले, दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबे सापडली. कलम १७ येऊन तेव्हा साठ वर्षे उलटली होती. नेमका प्रश्न काय बाहेर काढतो, ते हे.

रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्रच नव्हता. तेव्हा इथे पाहण्या व्हायलाच हव्यात. फक्त प्रश्नावलीत गावाबरोबर वाडीचे नाव लिहा. मराठी भाषांतर पुण्या-मुंबईत पक्के करण्याआधी बौद्धवाडीतल्या बायकांना वाचून दाखवा आणि त्यांना त्यातून काय कळले ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. पोलीस पाटलाला सोबत घेऊन अंगणात येऊ नका. तो शेजारी उभा असताना 'गावात भेदभाव होतो का' याचे उत्तर काय येणार, ते आम्ही आताच लिहून देतो. आणि निष्कर्ष छापून झाले की त्याची एक प्रत वाडीतल्या बुद्धविहारात आणून ठेवा. तिथे ती वाचणारी पोरे आहेत.