चू. भू. द्या. घ्या.

विनोद सांगितला की माणसं हसतात किंवा हसत नाहीत, असा माझा इतकी वर्षं समज होता. तिसराही एक प्रकार असतो. माणसं पत्र पाठवतात.

त्याचं असं झालं. गेल्या वर्षी एका दिवाळी अंकातल्या लेखात मी एक परदेशी विनोद वापरला. मूळचा तो दारूच्या गुत्त्यात घडतो. पण मी पडलो बँकेतला माणूस, तेव्हा त्याला चहाच्या हॉटेलात आणला. तो असा :

“प्रकाशापेक्षा जोरात पळणाऱ्यांना इथे चहा मिळणार नाही,” हॉटेलवाला ओरडला. मग एक न्यूट्रिनो हॉटेलात शिरला.

संपला विनोद. ज्यांना हसू आलं त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.

न्यूट्रिनो हा एक अतिसूक्ष्म कण. जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो सुमारे ७३० किलोमीटरवर, इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत, प्रकाशाला लागला असता त्यापेक्षा सेकंदाचे साठ अब्जांश आधी पोहोचले, अशी बातमी सप्टेंबर २०११ मध्ये आली. आता आइन्स्टाइनचा हिशेब असा की, प्रकाशाला कुणी मागे टाकलं, तर कुणाला तरी परिणाम आधी आणि कारण मागाहून दिसेल. म्हणून हॉटेलवाला आधी ओरडतो आणि गिऱ्हाईक नंतर येतं. एवढंच.

पण एवढ्यावर भागलं नाही. अंकाच्या कचेरीतून माझ्या नावे एक जाड पाकीट आलं. मानधन असेल म्हणून मी ते घाईघाईने फोडलं, तर आत पत्रं!

पहिलं एका निवृत्त मुख्याध्यापकांचं. “सप्रेम नमस्कार, वि. वि. सदर बातमी २०१२ साली चुकीची ठरली. प्रकाशतंतूची एक जोडणी सैल बसली होती. सबब आपला विनोद रद्द समजावा.” चेक परत आलेला मी रोज पाहतो, विनोद परत आलेला प्रथमच पाहिला.

दुसरं पत्र : “न्यूट्रिनो अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो. तो हॉटेलात ‘शिरला’ असं म्हणणं सर्वस्वी चूक आहे.” मान्य. तो हॉटेलातूनच काय, हॉटेलवाल्यातूनही आरपार गेला असता. पण मग चहाची ऑर्डर घेणार कोण?

तिसऱ्यांनी लिहिलं होतं, “हा विनोद मी २०११ सालीच वाचला होता.” म्हणजे मी लिहिण्याच्या कितीतरी आधी त्यांनी तो वाचला. परिणाम आधी, कारण मागाहून! या विनोदाला याहून मोठा पुरावा काय हवा?

चौथं पत्र इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याचं. “काका, खूप हसलो आणि मग विचार करत बसलो. हॉटेलात बसलेल्या माणसाला क्रम उलटा दिसणार नाही. पुरेशा वेगाने बाजूने जाणाऱ्या दुसऱ्या निरीक्षकालाच तो तसा दिसेल. मग हा विनोद नक्की कोण सांगतंय?”

हे पत्र मी जपून ठेवलं आहे. बाळा, विनोद सांगणारा तोच तो बाजूने जाणारा माणूस. जे हॉटेलात बसलेल्यांना सरळ दिसतं, ते त्याला उलटं दिसतं, एवढीच त्याची लायकी.

माझं भांडण विज्ञानाशी नाही, हे आता लक्षात आलं असेल. या मुलानेही चूकच काढली, पण आधी तो हसला. बाकीच्यांनी हसण्याच्या आधी तपासलं आणि तपासून झाल्यावर हसायचं राहूनच गेलं. व्हाउचर पास करण्यापूर्वी तपासावं हा बँकेचा नियम आहे. तो हसण्याला लावला, तर घरात एकही विनोद पास व्हायचा नाही.

मुख्याध्यापकसाहेब, बांबूवर टांगलेल्या हंडीत बिरबलाची खिचडी शिजणार नाही, हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. म्हणून उष्णतेचे नियम दाखवून ती गोष्ट कुणी रद्द केली का? खिचडी शिजत नाही, म्हणून तर गोष्ट शिजते. विनोद ‘समजा’ या शब्दावर उभा असतो. समजा, पळाला एखादा प्रकाशाच्या पुढे! हे ‘समजा’ काढून घेतलंत, तर विनोदच काय, विज्ञानही खाली बसेल. प्रकाशाच्या किरणाबरोबर आपणही धावलो तर काय दिसेल, असं वयाच्या सोळाव्या वर्षी आइन्स्टाइनच्या मनात आलं होतं. शेजारी आपल्यासारखं कुणी नव्हतं, हे जगाचं नशीब!

आणि चूक शोधायची, तर त्या ग्रान सासोवाल्यांसारखी शोधावी. आकडा जुळेना, तेव्हा त्यांनी महिनोन्‌महिने स्वतःचा हिशेब तपासला, मग तो जगापुढे मांडून ‘आमची चूक दाखवा’ असं सांगितलं, आणि शेवटी ती सैल जोडणी स्वतःच शोधून काढली. कॅश जुळेपर्यंत रात्री थांबणारी ही माणसं मला आमच्याच खात्यातली वाटतात. त्यांना चूक हवी होती, आपल्या मंडळींना चुकणारा माणूस हवा असतो.

हे मी एवढं खात्रीने सांगतो, कारण या जातीतला एक इसम मला जवळून माहीत आहे.

आमचे दादा एस.टी.त कंडक्टर होते. कोल्हापूर–रत्नागिरी गाडीची त्यांची एक गोष्ट होती. ड्रायव्हरने आंबा घाटात गाडी अशी काही सोडली की तिची सावली मागेच राहिली. खाली साखरप्याला सगळ्यांचा चहा पिऊन झाला, तेव्हा ती धापा टाकत आली, आणि सावलीचं तिकीट फाडलं नाही म्हणून तपासनिसाने दादांवर केस केली. पाहुणे आले की ही गोष्ट व्हायचीच, आणि हसणाऱ्यांत पहिला मी असायचो.

मी बी.कॉम. झालो त्या वर्षीची गोष्ट. घर पाहुण्यांनी भरलेलं, सावली घाट उतरते आहे, आणि मी म्हणालो, “दादा, प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर जातो. गाडी ताशी साठने धरली तरी सावली मागे राहणं शक्यच नाही.”

पाहुणे माझ्याकडे बघू लागले. दादा म्हणाले, “बरोबर आहे तुझं.” आणि आईला चहा टाकायला सांगितला.

ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली नाही. माझं गणित बरोबर होतं, आजही आहे. ते कुणी विचारलं नव्हतं, एवढाच त्यात दोष.

ती पत्रं वाचून झाली त्या रात्री मुलीने गोष्ट मागितली, तेव्हा मी सावलीची सांगितली. दादा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. साखरप्याचा चहा झाला, सावली आली, तपासनीस आला. “आणि तो आजोबांना म्हणाला, सावलीचं पूर्ण तिकीट का नाही फाडलंत?”

“अर्धं,” भिंतीकडून आवाज आला. “दुपारी बाराची वेळ होती. सावली लहान होती.”