पिन घट्ट करू नका

अकूस्टिक गिटारच्या ब्रिजवरची पिन ढिली वाटली, किंवा तार सुरात आणताना टपकन वर उडाली, की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं: पिन सैल झाली, ती घट्ट करा. मग कुणी तिला कागद गुंडाळतं, कुणी सेलोटेप. कुणी भोकात फेव्हिक्विकचा थेंब सोडतं, कुणी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ती ठोकून बसवतं. दुकानदार जाड पिनांचा संच पुढे करतो. हे सारे उपाय एकाच समजुतीतून निघाले आहेत आणि ती समजूतच चुकीची आहे. पिन आपल्या घट्टपणाने तार धरत नाही. तिचं ते कामच नाही.

पूर्वपक्ष मात्र वेडगळ म्हणून उडवून लावता येणार नाही. बारा-त्रेपन्न जाडीच्या तारांचा नेहमीचा संच सुरात आणला की सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या पुढे जातो. एकेका तारेच्या वाट्याला 10 ते 14 किलो येतात. आणि डोळ्यांना दिसतं काय, तर एवढ्या ताणाची तार ज्या भोकात जाते त्यात खुपसलेली एक प्लॅस्टिकची निमुळती पिन. तीच तार अडवते आहे असं वाटणं साहजिक आहे. त्यात आपल्यावर संस्कार तंबोऱ्याचे आणि सतारीचे. तिथे खुंटी खरोखरच घर्षणावर उभी असते. तार खुंटीला गुंडाळलेली, ताण तिला उलटी फिरवू पाहणारा, आणि लाकडावर लाकूड घट्ट बसल्यामुळे तो अडलेला. मिरजेचा कारागीर खुंटी आणि तिचं भोक एकमेकांशी जुळवण्यात जीव ओततो तो याचसाठी. खुंटी सरकायला लागली की तिला खडू लावतात, आणि तो उपाय तिथे अगदी योग्य आहे.

पण गिटारच्या पिनेला तार गुंडाळलेली नसते. तारेच्या टोकाला पितळेचा छोटा बॉल असतो. तो ब्रिजच्या भोकातून, त्याखालच्या स्प्रूसच्या पातळ टॉपमधून पार होऊन, टॉपला आतून चिकटवलेल्या कठीण लाकडाच्या पट्टीखाली उतरतो. ही ब्रिजप्लेट, चांगल्या गिटारमध्ये ती मेपलची किंवा शिसवीची असते. तार ताणली की बॉल वर खेचला जातो आणि या पट्टीला खालून टेकून थांबतो. भार घेते ती पट्टी. पिनेने करायचं ते एवढंच: भोकातली उरलेली जागा अडवायची आणि बॉलला सॅडलच्या, म्हणजे ब्रिजवर तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्याच्या, बाजूला लोटून ठेवायचं, म्हणजे त्याला परत भोकात शिरायला वाट राहत नाही. त्यामुळे पिनेवर येतो तो आडवा दाब. तिला वर उचलणारी ओढ जवळजवळ नसतेच. नीट बसवलेल्या गिटारवर तार सुरात असतानाही पिन दोन बोटांनी चाळवता येते, आणि तरी ती उडत नाही.

मग उडते ती का? बॉल पट्टीला टेकण्याऐवजी पिनेच्या टोकावर येऊन बसलेला असतो म्हणून. आता त्या तारेची ओढ सरळ पिनेला खालून वर ढकलते. अशा पिनेला कागद गुंडाळणं म्हणजे 12 किलोच्या ओढीशी कागदाच्या घडीने झुंजणं. कार्यक्रमाच्या रात्री, तार चढवायला पाच मिनिटंही नसताना, कागदाने वेळ निभावते हे मी मान्य करतो. दुसऱ्या दिवशी तो काढून आत पाहिलंच पाहिजे.

ठोकण्याला मात्र मी एका रात्रीचीही सूट देणार नाही. ब्रिजच्या लाकडाचे रेषे त्याच्या लांबीच्या दिशेने जातात आणि सहाही भोकं जवळपास त्याच रेषेत पाडलेली असतात. निमुळती पिन ही पाचरच आहे. ओंडका फोडायला लाकूडतोड्या रेषेवर पाचरी मारतो, तशाच या सहा पाचरी तुम्ही ब्रिजच्या रेषेवर मारता. भोकाभोकांमधून धावणारी ती बारीक चीर मी अनेक ब्रिजांवर पाहिली आहे. फेव्हिक्विकने चिकटवलेल्या पिनेचा हिशेब पुढची तार बदलताना चुकता होतो: पकडीने ओढावं तर पिनेचं डोकं तुटतं, नाहीतर भोकाच्या कडेचं लाकूड कपच्यांनी निघून येतं.

हवेवर खापर फोडणारा एक पक्ष आहे. उन्हाळ्यात लाकूड सुकलं, म्हणून भोक मोठं झालं आणि पिन सैल पडली, असं हे लोक सांगतात. लाकूड सुकलं की त्यातलं भोकही लाकडाबरोबर आकसतं, रुंदावत नाही. शिवाय 5 मिलिमीटरच्या भोकात ऋतूंमुळे पडणारा फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो. कोरड्या हवेने टॉप खचतो, त्याला तडे जातात. ते नुकसान खरं आहे आणि त्याची काळजी घ्यायलाच हवी. पिनेच्या तक्रारीशी त्याचा संबंध जोडू नये.

पितळी पिना घ्या म्हणजे प्रश्न मिटेल, वर आवाजही खुलेल, हा सल्ला तर सर्रास मिळतो. पितळ प्लॅस्टिकपेक्षा कित्येक पट जड. ब्रिजवर वजन वाढलं की आवाजात थोडा फरक पडू शकतो, आवडला तर ठेवावा. पण बॉल चुकीच्या जागी बसला असेल तर पितळी पिनही तशीच वर येणार. जाड पिनांचं म्हणणं थोडं अधिक ऐकून घेण्यासारखं आहे, कारण काही गिटारांची भोकं मुळातच मोठी पाडलेली असतात. तिथे जाड पिन योग्य, पण ती नुसती दाबून बसवायची नाही. पिनांचा निमुळतेपणा सहसा 3 किंवा 5 अंशांचा असतो. 3 अंशांची पिन 5 अंशांच्या भोकात एकाच ठिकाणी टेकते आणि डुलते. जरा जास्त जाड पिन तोंडाशीच अडकते आणि तिचं टोक पट्टीपर्यंत पोचत नाही. त्याच अंशाचा रीमर हाताने, हलकेच, एकेक फेरा देत फिरवायचा आणि दर फेऱ्याला पिन घालून पाहायची. ड्रिल मशीन या कामाला लावू नये.

आता मंडन. सुरुवात आत पाहण्यापासून करा. तारा उतरवा, मोबाइलचा टॉर्च आणि कॅमेरा चालू करून तो साउंडहोलमधून आत धरा, किंवा दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा वापरा. पट्टीवरची भोकं गोल आणि कडा धारदार दिसल्या तर पट्टी धडधाकट आहे. दोष तार बसवण्याच्या पद्धतीत आहे. बॉलच्या जरा वर तारेला किंचित बाक द्या, म्हणजे बॉल आत गेल्यावर सॅडलकडे झुकतो. पिन हलक्या हाताने घाला. मग तार वर ओढा आणि अंगठा पिनेवर नुसता टेकलेला ठेवा. ओढताना पिन वर सरकू लागली तर बॉल तिच्या टोकावर आहे. तार पुन्हा खाली सोडून बॉल पुढे घ्या. बॉल पट्टीला टेकला की हाताला कळतं: तार थांबते, पिन हलत नाही. काही पिनांचं टोक सपाट असतं आणि बॉल तिथेच बसकण मारतो. ते कानशीने तिरकं किंवा गोल केलं की बॉल घसरून आपल्या जागी जातो. ढिल्या पिनेच्या बऱ्याचशा तक्रारी इथेच संपतात.

पट्टीची भोकं लांबट झालेली, कुरतडल्यासारखी दिसली तर दुखणं जुनं आहे. बॉल लाकूड खात वर शिरलेला असतो. बाहेरून याची खूण अशी की बॉलजवळचं तारेचं जाड वेटोळं वर सरकून सॅडलपर्यंत पोचतं. पट्टी खाऊन संपली की बॉल वरच्या मऊ स्प्रूसला भिडतो. पुढे टॉप फुगणं आणि ब्रिज उचकटणं दूर नसतं. अशा वेळी वर पिन घट्ट करत बसणं हे दुर्लक्षच आहे. झिजलेली भोकं कठीण लाकडाचा भुसा आणि पातळ सुपरग्लू यांनी भरून नव्याने पाडता येतात, कठीण लाकडाचे छोटे तुकडे बसवता येतात, किंवा सहा भोकांची पातळ पितळी पट्टी आतून लावता येते. पितळी पट्टी सर्वांत सोपी, पण तिने थोडं वजन वाढतं. लाकडाची दुरुस्ती मला अधिक पसंत आहे.

आणि ही झीज मुळात का होते, हेही सांगायला हवं. मार्टिन कंपनीच्या जुन्या गिटारमध्ये खाच ब्रिजलाच कापलेली असे आणि पिन भरीव असे. तार ब्रिजच्या खाचेत बसायची, भोक घट्ट भरलेलं राहायचं आणि बॉलला टेकायला पट्टीचा अखंड काठ मिळायचा. पुढे कारखान्यात प्रत्येक गिटारच्या सहा खाचा हाताने कापण्याचा वेळ वाचवायला खाच पिनेवर गेली आणि भोक साधं गोल राहिलं. पिनेच्या खाचेत बॉल अर्धवट शिरतो, पट्टीचा काठ त्याला अपुरा मिळतो, म्हणून तो लाकूड खातो. जुनी रीत परत आणणं अवघड नाही. बारीक करवतीने ब्रिजच्या भोकाला सॅडलच्या बाजूने तारेच्या जाडीची खाच कापायची, जाड ईला सुमारे 1.35 मिलिमीटर, बारीक ईला 0.3, आणि खाली पट्टीपर्यंत ती न्यायची. नव्या पिनाही लागत नाहीत. असलेलीच पिन उलटी फिरवून तिची खाच मागे केली की ती भरीव पिनेचं काम करते.

शेवटचा आक्षेप पैशाचा: सहा-सात हजारांच्या गिटारसाठी एवढं कोण करतं, नवीच घ्यावी. याला माझा सर्वांत ठाम विरोध आहे. अशी गिटार बहुधा शिकणाऱ्या मुलाच्या हातात असते आणि तार उडण्याच्या भीतीने ते मूल सुरात लावायचंच टाळतं, सूर उतरवून वाजवतं, आणि कान बिघडवून घेतं. पाहणीला लागतो घरातला मोबाइल, तारेला बाक द्यायला लागतात दोन बोटं, आणि खाच कापायला एखाद्या कारागिराची एक संध्याकाळ. गिटार शिकवणाऱ्यांनी तार चढवणं दुकानावर सोडू नये. पहिली तार तुटेल त्या दिवशी विद्यार्थ्याच्या हातून ती बसवून घ्यावी, आणि बॉल पट्टीला टेकलेला त्याला आरशात दाखवावा.