मेलेलं माकड लपवू नका : काजूच्या हंगामाआधी एक जाहीर आवाहन

दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी पट्ट्यातले बागायतदार, गुराखी, बी वेचायला जाणाऱ्या आयाबहिणी आणि शिमग्याला गावी येणारे चाकरमानी, हे आवाहन तुम्हा सर्वांसाठी.

काजू मोहोरला आहे. थोड्याच दिवसांत पातेरा गोळा करायची, भाजावळीची आणि मग बी वेचायची गडबड सुरू होईल. माकडतापाचा हंगामही हाच, साधारण डिसेंबर ते मे. म्हणून आत्ताच एक विनंती करतो. रानात, बागेत किंवा वाडीच्या कडेला माकड अथवा वानर मेलेलं दिसलं तर गप्प बसू नका. त्याच दिवशी कळवा.

ही बातमी आपल्याकडे का दडपली जाते हे मला ठाऊक आहे. मी इथेच दवाखाना चालवतो आणि काजूची थोडी कलमं माझीही आहेत. केल्ड्यांनी, म्हणजे या माकडांनी, नारळ ठेवले नाहीत, केळी ठेवली नाहीत. त्यामुळे "माकडच तां, मेलां तर मेलां" असं तोंडातून निघून जातं. त्यात वनखात्याची धास्ती असते. विष तुम्हीच घातलंत का, असं विचारतील म्हणून माणूस मागे सरतो. आणि सगळ्यांत मोठी भीती गड्यांची. अमक्याच्या बागेत माकड मेलं असं गावभर झालं की बी वेचायला कुणी फिरकत नाही. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण मेलेलं माकड गुपचूप ओढ्यात ढकलून दिल्याने बाग सुरक्षित होत नाही. बागेत बी वेचायला बसणाऱ्या बाईला आपण कुठे बसलो आहोत हे कळत नाही, एवढंच होतं.

माकडतापाचा विषाणू माकडालाही मारतो आणि माणसालाही. दोघांपर्यंत तो पोचवते गोचीड. माकडाच्या अंगावर रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडी खाली पडतात, पातेऱ्यात राहतात, कात टाकून पुढच्या अवस्थेत जातात आणि पुन्हा भक्ष्य शोधू लागतात. माणसाला चावते ती बहुधा हीच मधली अवस्था. आकाराने तिळाहून बारीक, चावल्याचं पुष्कळदा कळतही नाही. त्यामुळे माकड पडलेली जागा ते उचलून नेल्यावरही बरेच दिवस धोक्याची राहते. खबर वेळेत मिळाली तर तिथे कीटकनाशक भुकटी मारता येते, लोकांना दूर ठेवता येतं, आसपासच्या घरांत कुणाला ताप आहे का हे आरोग्य सेवकांना पाहता येतं. खबरच नाही मिळाली तर पहिली सूचना थेट रुग्णाच्या रूपाने येते.

असं घडलेलं आहे. 1957 साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ तिथे गेले. आधी शंका आली ती पीतज्वराची, निघाला मात्र अगदी नवा विषाणू. पुढची अनेक दशकं हा आजार शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपुरता राहिला. 2012 नंतर तो पसरत गेला. नीलगिरीत, वायनाडमध्ये, 2015 मध्ये गोव्यातल्या सत्तरीच्या पाली गावात, आणि 2016 मध्ये आपल्या दोडामार्गातल्या केरमध्ये. 2017 साली बांदा परिसराने काय सोसलं ते इथल्या घराघरांत आठवत असेल. दोन्ही वेळी तोंडावर काजूचा हंगाम होता.

एक नाजूक गोष्टही बोलायला हवी. वानर मेला की मारुतीचं रूप मानून त्याला हार घालायचा, खांद्यावरून नेऊन पुरायचं, अशी रीत पुष्कळ गावांत आहे. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण या पट्ट्यात, या महिन्यांत, त्याला हात लावू नका. लांबूनच नमस्कार करा. कुत्र्यांना तिकडे जाऊ देऊ नका, पोरांना फोटो काढायला पाठवू नका. पुढचं काम वनविभाग आणि पशुवैद्यक हातमोजे आणि संरक्षक कपडे घालून करतील.

माकडांवर राग काढायलाही जाऊ नका. माणसाला हा ताप मुख्यतः गोचिडीच्या चाव्यातूनच लागतो, माणसापासून माणसाला तो लागत नाही. घरात रुग्ण असेल तर त्याला वेगळं टाकू नका, त्याच्या घरचं पाणी टाळू नका. 2016-17 मध्ये अशा गोष्टी कानांवर आल्या होत्या, त्या पुन्हा ऐकायला नकोत.

आता बागेतल्या कामाचं. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, पायात मोजे आणि बूट. मार्चच्या उकाड्यात हे सांगणं सोपं आणि पाळणं कठीण, हे मला कळतं. निदान पायांचं तरी पाळा. आरोग्य केंद्रातून मिळणारं डीएमपी तेल उघड्या हातापायांना लावा. त्याचा परिणाम काही तासच टिकतो, म्हणून दुपारच्या जेवणानंतर पुन्हा लावा, आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. पातेऱ्यावर बसू नका, आडवं तर मुळीच होऊ नका. संध्याकाळी मांगरातून किंवा बागेतून आलात की कपडे थेट गरम पाण्यात आणि तुम्ही न्हाणीघरात. काखा, जांघा, कानामागे नीट बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. विडीचा चटका किंवा रॉकेल नको, आणि नखावर चिरडणं तर अजिबात नको. गुरांच्या गोचिडी आपण बसल्या बसल्या नखांनी मारतो, ती सवयही सोडायला हवी. गुरं या तापाने आजारी पडत नाहीत, पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसतात आणि त्यांच्यासोबत गोठ्यापर्यंत येतात. गोचिडींचं औषध कोणतं आणि किती, हे पशुवैद्यकांना विचारूनच लावा. जनावरांसाठी 1962 हा क्रमांक आहे. आणि या महिन्यांत रानातला पातेरा गोठ्यात अंथरू नका.

चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी जोराचा ताप येतो. डोकं फुटल्यासारखं दुखतं, अंग मोडून येतं, उलट्या होतात, काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. बहुतेक जण दोन आठवड्यांत सावरतात. शंभरातले दहा-वीस मात्र बरे झाले असं वाटत असतानाच पुन्हा तापतात, हात थरथरतात, डोळ्यांपुढे धूसर होतं. शंभरातले तीन ते पाच दगावतात. या विषाणूवर नेमकं औषध नाही. जुन्या लशीचा असर अपुरा ठरला आणि नव्या लशीवर काम चालू आहे. तोवर वेळेत दाखल होणं, सलाईन, रक्तदाब आणि प्लेटलेटवर लक्ष, हेच उपचार. म्हणून ताप आला की "डॉक्टर, एक सुई मारा नि मोकळं करा" असा आग्रह धरू नका. काही वेदनाशामक सुया आणि गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल घ्या आणि सरकारी दवाखाना गाठा. तिथे गेल्या गेल्या सांगा की मी बागेत जातो, आमच्याकडे माकड मेलं होतं. गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात गेलात तर तिथेही हेच सांगा. हे वाक्य ऐकलं नाही तर डॉक्टर डेंग्यू नाहीतर लेप्टोच्या मागे लागतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

अंगावर कुठे काळी खपली धरलेला छोटा व्रण असेल तर तोही दाखवा, लाजू नका. ती खूण स्क्रब टायफस नावाच्या दुसऱ्या तापाची असू शकते, जो गवताझुडपातल्या सूक्ष्म किड्यांच्या चाव्याने होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याने थैमान घातलं होतं. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध चांगलं लागू पडतं, फक्त ते वेळेत सुरू व्हायला हवं.

मेलेलं माकड दिसल्यावर कळवायचं कुणाला? आशाताई, पोलीस पाटील, प्राथमिक आरोग्य केंद्र, कुणालाही. वनविभागाचा 1926 क्रमांक आहेच. जागा नीट सांगा, कुणाच्या बागेत, कोणत्या वहाळाशेजारी. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय पटलावर घ्या, आणि सरपंचांनी सर्वांसमोर एवढं तरी जाहीर करावं की खबर देणाऱ्याला कुणी चौकशीच्या फेऱ्यात अडकवणार नाही, आणि ज्याच्या बागेत माकड सापडलं त्याची बी वेचायला, जागा सुरक्षित झाली की, वाडीतले चार जण जातील.