परवानगी झटपट, पडताळणी कोणाची?

प्रतिनिधी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. शहरातील माणसाने स्वत: घर बांधणे केव्हाच सोडले, तो आता ते विकत घेतो. त्यामुळे बांधकाम परवानगी हा बिल्डर, आर्किटेक्ट आणि महापालिकेचा अभियंता या तिघांमधला मामला आहे, अशी त्याची समजूत झाली आहे. ही समजूत किती महाग पडू शकते, हे कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींनी दाखवून दिले.

महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार करून त्यांच्या आधारे 'महारेरा'कडे प्रकल्पांची नोंदणी करण्यात आली आणि त्या नोंदणी क्रमांकाच्या भरवशावर सदनिका विकल्या गेल्या, हे २०२२ मध्ये उघडकीस आले. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचे आदेश दिले. गृहकर्ज काढून, मुद्रांक शुल्क भरून, रीतसर दस्त नोंदवून राहायला आलेली हजारो कुटुंबे एका दिवसात बेकायदा ठरली. त्यानंतर रहिवाशांनी सरकारचे आणि न्यायालयाचे दरवाजे ठोठावले. त्यांना दिलासा मिळावा, ही भावना स्वाभाविकच आहे. परंतु एक प्रश्न त्याहून मोठा आहे. परवानगीचा तोच कागद 'महारेरा'समोर गेला होता, कर्ज देणाऱ्या संस्थांसमोर गेला होता, आणि ज्या महापालिकेचा शिक्का त्यावर होता तिच्याच हद्दीत इमारतींचे मजले चढत होते. तरीही तो खोटा असल्याचे कोणाच्याच लक्षात कसे आले नाही?

उत्तर सरळ आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत शासनाचे सारे लक्ष परवानगी लवकर कशी मिळेल, याकडे राहिले. मिळालेली परवानगी खरी आहे का आणि काम तिच्याबरहुकूम झाले आहे का, हे पाहणे नेमके कोणाचे काम, हे मात्र ठरलेच नाही.

नाव नापसंतीचे, कागद परवानगीचा

सामान्य ग्राहकाला हा कागद वाचता येत नाही, याला व्यवस्थाच कारणीभूत आहे. मुंबईतील पद्धतच पाहा. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३४६ नुसार नकाशे तपासल्यावर पालिका जो पहिला महत्त्वाचा कागद देते, त्याचे नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे शब्दश: नापसंतीची सूचना! बोलीभाषेत ती 'आयओडी' झाली. अमुक अटी पूर्ण करेपर्यंत तुमचा प्रस्ताव अमान्य आहे, असे सांगणारा हा कागद व्यवहारात मंजुरी मानला जातो. प्रत्यक्ष काम सुरू करण्यासाठी नगररचना कायद्याखालील प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे 'सीसी', वेगळे घ्यावे लागते. तेही बहुधा आधी जोत्यापर्यंतच मिळते. जोते तपासून झाले की पुढच्या मजल्यांसाठी ते वाढवून घ्यायचे. इमारत पूर्ण झाल्यावर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे 'ओसी'. हे मिळाल्याखेरीज इमारतीत राहायला जाणे कायद्याला मान्य नाही.

पहिल्या कागदाचे नाव नापसंती, दुसरा टप्प्याटप्प्याने वाढणारा आणि तिसरा अनेकदा कधीच न येणारा. 'सीसी आली आहे' असे विक्री कार्यालयात सांगितले जाते, तेव्हा ती कितव्या मजल्यापर्यंतची, असे किती ग्राहक विचारतात? चौदाव्या मजल्यावरील घर घेणाऱ्याच्या हाती जोत्यापुरते प्रमाणपत्र ठेवले, तर त्याला फरक कळणार नाही.

साठ दिवसांचे घड्याळ

परवानगीला विलंब होतो, ही तक्रार खोटी नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यातील कलम ४५ म्हणते की, नियोजन प्राधिकरणाने ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानावे. कागदावर ही तरतूद क्रांतिकारक आहे. प्रत्यक्षात हे ६० दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा प्राधिकरणाने काढलेल्या शंकेला अर्जदाराने दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, यांपैकी जी नंतरची असेल तिच्यापासून मोजायचे असतात. म्हणजे पन्नासाव्या दिवशी एक नवी शंका काढली की घड्याळ पुन्हा शून्यावर. शिवाय अशी मानीव परवानगी नियमावलीशी तंतोतंत जुळणाऱ्या प्रस्तावालाच लागू होते. जुळले नाही तर ते बांधकाम अनधिकृत. ही जोखीम घेऊन कोट्यवधी रुपये कोण गुंतवणार? आणि महापालिकेच्या मौनावर कोणती बँक कर्ज देणार? त्यामुळे ही तरतूद बव्हंशी पुस्तकातच राहिली.

नकाशाखेरीज ना-हरकत दाखल्यांची रांग वेगळीच. अग्निशमन दल, वृक्ष प्राधिकरण, जल, मलनि:सारण, विमानतळाजवळ उंचीचा दाखला, किनाऱ्याजवळ सीआरझेड, जुन्या वास्तूंच्या परिसरात वारसा समिती. बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल तर २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी. यांतील प्रत्येक दाखल्यामागे सुरक्षिततेचे काही ना काही कारण आहे, हे विसरता कामा नये. परंतु प्रत्येक टेबलावर फाइल थांबण्याची सोय असते आणि जिथे थांबण्याची सोय तिथे ती हलवण्याचा दर, हे सांगायला नकोच. पुनर्विकासात गेलेल्या सोसायटीच्या सभासदांना या विलंबाचा फटका थेट बसतो. फाइल अडली की बिल्डरची गणिते बिघडतात, भाड्याचे धनादेश थांबतात आणि पाडून टाकलेल्या इमारतीचे रहिवासी भाड्याच्या घरांत अडकून पडतात.

यावर उपाय म्हणून स्वेच्छाधिकार कमी करण्याचे काही चांगले प्रयत्न झाले. मुंबईत बाल्कनी, फ्लॉवरबेड, व्हॉइड अशा नावांखाली एफएसआयच्या हिशेबाबाहेर जागा देण्याचा अधिकार आयुक्तांकडे होता. जानेवारी २०१२ मध्ये 'फंजिबल एफएसआय' आणून निवासी इमारतींना ३५ टक्के वाढीव क्षेत्र ठरावीक दराने देण्याचा नियम झाला आणि त्या सवलतींचा बाजार बराच आवरला. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्यभर एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. छोट्या भूखंडांवर घर बांधणाऱ्यांची प्रक्रिया तिने सोपी केली आणि १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडांसाठी दहा दिवसांची मुदत घातली. ही सुधारणा स्वागतार्हच होती.

गोदामाची फूटपट्टी

तथापि, सुधारणा मोजण्याची फूटपट्टी कोणती होती? जागतिक बँकेच्या 'डूइंग बिझनेस' अहवालात बांधकाम परवान्यांच्या बाबतीत भारत २०१८ च्या यादीत १८१ व्या क्रमांकावर होता. २०१९ च्या यादीत तो ५२ वर आला आणि २०२० च्या यादीत २७ वर. या झेपेचा मोठा गाजावाजा झाला. मोजमाप मात्र केवळ मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांचे होते आणि त्यासाठी डोळ्यांसमोर ठेवलेली इमारत होती सुमारे तेराशे चौरस मीटरचे एक दुमजली गोदाम. अन्य काही देशांच्या आकडेवारीत गैरप्रकार आढळल्याने बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये हा अहवालच बंद केला.

ऑनलाइन अर्ज, एकखिडकी योजना, संगणकावर तपासले जाणारे नकाशे यांना या स्पर्धेमुळे चालना मिळाली, हे मान्य केले पाहिजे. पण गोदामात कुटुंब राहत नाही. परवानगी किती दिवसांत मिळाली, हे अर्जदाराच्या सोयीचे माप आहे. त्या इमारतीत तीस वर्षे राहणाऱ्याला हवे असते ते वेगळेच माप.

नियमाने चालणारा खुळा?

या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. जो परवानगीसाठी थांबतो तो पैसा आणि वेळ दोन्ही गमावतो. जो न थांबता बांधतो त्याच्यासाठी आज ना उद्या नियमितीकरणाची योजना येते. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली गेली. २०१७ मध्ये नगररचना कायद्यात कलम ५२-अ घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची अनधिकृत बांधकामे दंड भरून नियमित करण्याची वाट खुली झाली. प्रत्येक वेळी 'ही शेवटची मुदत' असे सांगितले जाते. बेकायदा बांधणाऱ्यांना त्यातून कोणता संदेश जातो, हे वेगळे सांगायला नको.

न्यायालयाने कठोर भूमिका घेतली की चटका बसतो तो रहिवाशाला. वरळीच्या कॅम्पाकोला आवारात पाच-सहा मजल्यांच्या परवानगीवर काही इमारती वीस मजल्यांपर्यंत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१३ मध्ये बेकायदा मजले पाडण्याचा निर्णय दिला, तेव्हा तिथे राहणाऱ्यांची पंचवीस-तीस वर्षे उलटून गेली होती. त्याच वर्षी ४ एप्रिलला मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत सातमजली इमारत कोसळली आणि ७४ जणांचा बळी गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जण दगावले. ही इमारतही अनधिकृतच होती. परवानगी ही कागदी औपचारिकता नसून भिंतीमागचा, पायाखालचा भरवसा आहे, हे सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

भार ग्राहकावर नको

कल्याण-डोंबिवली प्रकरणानंतर काही हालचाल झाली. २०२३ पासून 'महारेरा'ने प्रारंभ प्रमाणपत्रे थेट संबंधित प्राधिकरणाकडून पडताळून घेण्यास सुरुवात केली. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मीरतमधील एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी शेवटपर्यंत लावलेला असावा. पूर्णत्वाचा वा भोगवट्याचा दाखला पाहूनच वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचे कर्ज द्यावे. चुकीचा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई व्हावी, असे त्यांचे स्वरूप आहे. निर्देश नेमके आहेत. प्रश्न अंमलबजावणीचा आहे, आणि तिथेच आपले घोडे पेंड खाते.

वास्तविक यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. प्रत्येक महापालिकेने दिलेली प्रत्येक परवानगी, तिचा मंजूर नकाशा, 'सीसी' कितव्या मजल्यापर्यंत आहे ती नोंद आणि जोते तपासणीचा अहवाल इमारतीच्या पत्त्यावरून कोणालाही विनाशुल्क पाहता आला पाहिजे. दस्त नोंदणी आणि गृहकर्ज या दोन्ही वेळी हा क्रमांक मूळ नोंदीशी जुळवून पाहणे सक्तीचे व्हावे. नकाशे आता संगणकात आहेतच. ते अर्जदाराच्या लॉगिनमागे का दडवून ठेवायचे? आणि एखाद्या प्रभागात परवानगीवाचून मजले चढले, तर त्या काळात तिथे नेमलेल्या अधिकाऱ्याचे नाव त्या इमारतीच्या नोंदीत असावे. विलंबाबद्दल लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपयांच्या दंडाची तरतूद आहे. डोळेझाक करण्याबद्दल निदान तेवढी तरी जबाबदारी निश्चित का होऊ नये?

तोवर ग्राहकाने आपल्यापुरती काळजी घ्यावी, हे खरेच. परवानगीची प्रत बिल्डरकडून न घेता महापालिकेकडून तपासून घ्यावी, आपला मजला प्रमाणपत्रात आहे का ते पाहावे आणि भोगवटा प्रमाणपत्राखेरीज ताबा घेऊ नये. पण हा उपदेश किती दिवस करायचा? आयुष्यभराची पुंजी घालणाऱ्या माणसाने वकील, अभियंता आणि गुप्तहेर या तिन्ही भूमिका वठवाव्यात, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. महापालिकेचा शिक्का खरा आहे की नाही, हे सांगण्याचे काम महापालिकेचेच आहे. त्यासाठी ती प्रत्येक इमारतीमागे शुल्क घेते. त्या शुल्काच्या बदल्यात तिने बिल्डरला वेग द्यावा, तसा रहिवाशाला भरवसाही द्यावा.