मंजूर जागा आणि भरलेल्या जागा

शाळेची थोरवी शालान्त परीक्षेच्या निकालावरून मोजण्याची आपल्याकडे प्रथा आहे. निकालाचे आकडे फलकावर झळकतात आणि त्यांचे कौतुकही होते; परंतु ज्या माणसांच्या बळावर ते आकडे उभे राहतात, त्यांची गणती सहसा कोणी करीत नाही. सार्वजनिक हायस्कुलात शिक्षक, कारकून, शिपाई किती असावेत, हा प्रश्न वरवर रूक्ष भासतो. तथापि विद्यार्थ्यांचे हित त्यातच गुंतलेले असल्यामुळे आम्ही त्याकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

सुरतेला मराठी शिक्षक नवा नाही. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर येथे अध्यापनासाठी आले होते आणि 1844 साली दुर्गाराम मेहताजींसह मानवधर्म सभेच्या स्थापनेत त्यांनी भाग घेतला. आज लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे नांदत आहेत. महानगरपालिकाही मराठीसह सात माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालविते. परंतु यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून परतलेल्या पित्याला मुलाचे बीजगणित पाहण्यास ना वेळ असतो, ना त्राण. अशा घरातील मुलाला शाळेत जे मिळेल, तेवढेच त्याचे शिक्षण होय.

मग शाळेत शिक्षक किती असावेत? मुदलियार आयोगाने 1953 साली माध्यमिक वर्गात तीस विद्यार्थी इष्ट आणि चाळीस ही कमाल मर्यादा मानली होती. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रमाण ठरवून दिले खरे. पण तो आठवीपर्यंतच लागू आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दर शिक्षकामागे तिसांहून कमी, आणि वंचित वस्तीत पंचविसांहून कमी विद्यार्थी असावेत, असे म्हटले आहे. उद्देश उत्तम आहे. परंतु केवळ प्रमाणावर विसंबणे लहान हायस्कुलाला घातक ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उदाहरणच घेऊ. नववी-दहावी मिळून चाळीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या तीन तुकड्या आहेत, असे समजा. विद्यार्थी 120 आणि शिक्षक चार. म्हणजे प्रमाण तिसास एक. कागदावर सारे यथास्थित! पण मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक विज्ञान, चित्रकला आणि व्यायाम हे सारे विषय चौघांनी कसे वाटून घ्यावेत? प्रत्येक तुकडीला आठवड्यात 45 तास धरल्यास एकूण 135 तास होतात. प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला सुमारे 34 येतात. त्यांतील एक जागा रिकामी झाली, की उरलेल्या तिघांना 45 म्हणजे आठवड्यातील प्रत्येक तास घ्यावा लागतो. मग वह्या केव्हा तपासाव्यात आणि मागे पडलेल्या मुलाला जवळ केव्हा बसवावे? शिवाय गेलेला शिक्षक गणिताचा असेल, तर त्याच्या तासाला भाषाशिक्षक वर्गात उभे राहतील. पण गणित शिकविले जाईलच, असे नाही.

रिकामी जागा तात्पुरत्या नेमणुकीने भरली, की प्रश्न मिटला असे अनेकांना वाटते. गुजरात शासनाने 2023 साली ज्ञान सहायक योजना काढली. तीत अकरा महिन्यांचा करार असून माध्यमिक शिक्षकासाठी दरमहा 24,000 रुपये मानधन ठरविण्यात आले. रिकाम्या वर्गापेक्षा असा शिक्षक केव्हाही बरा, आणि त्या तरुणांच्या निष्ठेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु नववीत ज्याने मुलाची उणीव हेरली, तो दहावीत त्याच्यासमोर असेल, याची हमी कोणता करार देतो?

शिक्षकेतर सेवकांची उपेक्षा तर याहून अधिक. महाराष्ट्रात डिसेंबर 2020 च्या शासननिर्णयाने अनुदानित शाळांतील शिपायांच्या नियमित जागांऐवजी ठोक भत्ता देण्याचे धोरण आले. खर्च वाचतो हे खरे; काम मात्र वाचत नाही. कारकून नसेल तर शिष्यवृत्तीचे अर्ज शिक्षक भरतात. प्रयोगशाळा-साहाय्यक नसेल तर परीक्षानळ्या कपाटातच राहतात. ग्रंथपाल नसेल तर पुस्तकांना कुलूप लागते. स्वच्छतागृह झाडण्यास माणूस नसेल तर त्याची झळ सर्वांत आधी मुलींना पोहोचते. शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणूक एवढीच शिक्षणबाह्य कामे शिक्षकांवर सोपविण्यास मुभा दिली आहे. परंतु कार्यालयातील रिकाम्या खुर्चीचे काम त्यांच्याकडे न सांगताच येते.

पैशाची चणचण असते, हे आम्ही जाणतो. सर्व जागा एका वर्षात भराव्यात, असा आमचा हट्टही नाही. आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सार्वजनिक हायस्कुलाने आपल्या वार्षिक अंकात निकालाच्या शेजारीच एक तक्ता छापावा : विषयवार मंजूर जागा किती, कायम नेमणुकीने भरलेल्या किती, कराराने भरलेल्या किती, आणि कोणती जागा केव्हापासून रिकामी आहे. शिक्षकेतर सेवकांचाही त्यात समावेश असावा. असा तक्ता पालकांच्या हाती पडला, तर पुढील पालकसभेत ते केवळ मुलाच्या गुणांविषयी विचारणार नाहीत. गणिताचे गुरुजी केव्हा येणार, हेही विचारतील. तो प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.